कचेरीचा गारवा आणि हवामानाचा हिशेब

जानेवारी महिन्यात पोर्ट लुईच्या रस्त्यावर माणूस घामाने निथळत असतो. तोच माणूस काही कामानिमित्त एखाद्या कचेरीत शिरला की पाच मिनिटांत त्याच्या अंगावर काटा उभा राहतो, आणि काउंटरमागची कारकून बाई स्वेटर घालून बसलेली त्याला दिसते. भर उन्हाळ्यात, विषुववृत्तापासून अवघ्या वीस अंशांवर, लोकरीचा स्वेटर! हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विपरीत आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

परंतु तो गारवा येतो कोठून, याचा विचार करून पाहावा. आपल्या बेटावर खनिज तेल नाही, कोळशाची खाण नाही. उसाच्या चिपाडांपासून वीज होते, धरणांच्या पाण्यापासून थोडी होते, सूर्यापासून अलीकडे होऊ लागली आहे. तरी विजेचा मोठा भाग अजूनही बोटीने आलेल्या जड तेलावर आणि कोळशावरच तयार होतो. म्हणजे त्या बाईंना थंडी वाजावी म्हणून हजारो मैलांवरून इंधन आणायचे, परकीय चलनात त्याचे पैसे मोजायचे, आणि वर बाईंनी स्वेटर विकत घ्यायचा. घरातल्या विजेवर आपण सर्वजण डोळा ठेवतो. मुलाने दिवा चालू ठेवला तर आजी ओरडते. कचेरीत मात्र आजी नसते.

वीज वाचवा, असे सांगणारी पत्रके पुष्कळ निघतात. त्यांतील अडचण अशी की, ती बहुधा दुसऱ्याच हवामानासाठी लिहिलेली असतात. युरोपात छापलेले पुस्तक सांगते की इमारतीच्या मोठ्या खिडक्या दक्षिणेकडे ठेवा. आपल्याकडे ते नेमके उलटे आहे. आपण दक्षिण गोलार्धात. जून महिन्यात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर. डिसेंबरमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो, किंचित दक्षिणेला कललेला. म्हणजे ज्या महिन्यांत उकाडा सर्वांत जास्त, त्या महिन्यांत उत्तर आणि दक्षिणेच्या भिंतींवर भर दुपारी ऊन फारसे पडतच नाही. थोडे पुढे आलेले छज्जे त्यांना पुरतात. तापते ते छप्पर, आणि तापतात त्या पूर्व व पश्चिमेच्या भिंती. कारण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसते. पश्चिमेकडे मोठी काच लावलेली कचेरी म्हणजे दुपारी दोननंतर पेटवलेली भट्टीच. वर्गात मी मुलांना फुटबॉल आणि विजेरी घेऊन हे दाखवते. मुलांना ते दहा मिनिटांत समजते. इमारती बांधणाऱ्यांना ते समजत नाही असे नाही, पण रस्ता पश्चिमेला असला की दर्शनी काचही पश्चिमेलाच लागते.

वातानुकूलनाचा जन्मच मुळी माणसांसाठी झालेला नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्याला उन्हाळ्यात भारी त्रास होई. हवेतील दमटपणा बदलला की कागद फुगे किंवा आकसे, आणि एकावर एक छापलेले रंग जागच्या जागी बसत नसत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवा थंड करून तिच्यातील पाणी काढून घेण्याची योजना आखली. मूळ हेतू गारवा हा नव्हता. कोरडेपणा हा होता.

आपल्यासारख्या दमट मुलखात आजही एअरकंडिशनरचे निम्मे कष्ट यातच जातात. हवेतील एक लिटर पाणी काढायचे तर सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता बाहेर फेकावी लागते. यंत्राच्या मागच्या नळीतून दिवसभर टपटपणारे पाणी आपण कुंडीत घालतो, पण ते काढण्याचे पैसे आपण भरलेले असतात. म्हणूनच यंत्र चालू असताना दार उघडे ठेवणे येथे कोरड्या प्रदेशापेक्षा जास्त महाग पडते. थंड हवा बाहेर जाते हे तर झालेच, पण समुद्रावरची ओली हवा आत येते, आणि तिला पुन्हा पिळून काढावे लागते.

याच्या उलट नागपूरचे पाहा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते. तेथे पूर्वी वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत, आज घरोघरी कूलर असतो. पाणी वाळताना हवेतील उष्णता शोषून घेते, एवढेच त्यामागचे शास्त्र. वीज लागते ती पंख्यापुरती आणि लहानशा पंपापुरती. हाच कूलर मुंबईत किंवा पोर्ट लुईत आणून लावला तर खोली गार होणार नाही, फक्त फाइलींना बुरशी लागेल. भारत सरकारने २००७ साली मोठ्या इमारतींसाठी जी ऊर्जा संहिता काढली, तिच्यात देशाचे पाच हवामान-विभाग पाडले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. एकाच महाराष्ट्रात मुंबई एका विभागात पडते आणि नागपूर दुसऱ्या.

आपले पूर्वज रत्नागिरीकडून आले, ते दमट किनाऱ्यावरून दमट बेटावर. कोकणातील घराला उतरते छप्पर, समोर ओटी, बाजूला पडवी. भिंतीवर ऊन पडू नये आणि वारा आरपार जावा, हा त्यामागचा हिशेब. येथल्या जुन्या क्रेओल घराचा वारांग हाही तोच हिशेब होय. मोका येथील १८३० सालच्या युरेका या घराला १०९ दारे आहेत. ती काही पाहुण्यांच्या सोयीसाठी नाहीत. पुढे १९६० साली कॅरोल वादळाने बेटावरील घरे उद्ध्वस्त केली आणि लोक सिमेंटकडे वळले. ते योग्यच झाले. जीव वाचला पाहिजे. पण सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो, ही त्या सुरक्षिततेची किंमत आपण अजून फेडीत आहोत.

आता आफ्रिका खंडातील एक कचेरी पाहू. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ साली ईस्टगेट सेंटर नावाची इमारत उभी राहिली. वास्तुशास्त्रज्ञ मिक पिअर्स. दोन लांबलचक नऊमजली इमारती, मध्ये काचेने आच्छादलेला चौक, छपरावर विटांच्या उंच चिमण्यांच्या रांगा. मालकांची अट अशी होती की नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवायची नाही, कारण तिचा प्रत्येक भाग परदेशातून आणावा लागतो. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन कडक, पण रात्र गार. दोन्हींत दहा अंशांहून अधिक फरक पडतो. पिअर्स यांनी याच फरकाचा उपयोग केला. रात्री पंखे जोराने फिरतात आणि गार हवा पोकळ जमिनींतून ओढून सबंध काँक्रीट थंड करून ठेवतात. दिवसा पंखे मंद होतात आणि थंडावलेले काँक्रीट कचेरीतील उष्णता हळूहळू शोषून घेते. तापलेली हवा चिमण्यांतून वर निघून जाते. बाहेरच्या भिंतींत काच एक-चतुर्थांशाहून जास्त नाही. शहरातील सहा वातानुकूलित इमारतींशी तुलना केली तेव्हा या इमारतीला सुमारे ३५ टक्के वीज कमी लागते असे आढळले, आणि यंत्रणाच न घेतल्यामुळे बांधकामातही लक्षावधी डॉलर वाचले.

पिअर्स यांना ही कल्पना वाळवीच्या वारुळावरून सुचली, असे नेहमी सांगितले जाते. वारुळातील हवा नेमकी कशी खेळते याविषयीचे जुने मत पुढे संशोधकांनी दुरुस्त केले. वारूळ तसे वागत नाही, इमारत मात्र तशीच वागते, ही त्यातली गंमत.

मग हीच इमारत पोर्ट लुईत का बांधू नये? कारण येथे फेब्रुवारीच्या रात्री पारा चोवीस अंशांच्या खाली जायला नाखूश असतो, आणि ती हवा ओलीही असते. रात्री काँक्रीट थंड होणारच नाही. उलट ओल मात्र धरेल. पण क्युरपीपची गोष्ट निराळी. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीनंतर पोर्ट लुईचे लोक वर क्युरपीपला का पळाले, ते आठवावे. तेथे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हवा किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते. पाऊस पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास, तर मधल्या पठारावर ४,००० पर्यंत. मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर, आणि दोन हवामाने! तरी दोन्हीकडे कचेऱ्या एकाच नकाशावरून बांधल्या जातात आणि एअरकंडिशनरची संख्याही तीच. वर पठारावर वर्षातील कित्येक महिने खिडकी उघडणे पुरेसे असते. मात्र खिडकी उघडेल अशी असली पाहिजे. नव्या काचेच्या इमारतींत ती बहुधा उघडतच नाही.

थंड मुलखाचे गणित अगदीच वेगळे. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरात सुमारे २,२०० मीटर उंचीवर अ‍ॅमरी लव्हिन्स यांनी १९८४ साली एक इमारत पुरी केली. ते त्यांचे राहते घर, आणि रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट या त्यांच्या संस्थेची कचेरीही. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरू शकतो. अशा ठिकाणी नेहमीची भट्टी न बसवता, केवळ जाड उष्णतारोधक भिंती, उत्तम काचा आणि हवाबंद बांधणी यांच्या जोरावर त्यांनी इमारत उबदार ठेवली, आणि आतल्या काचघरात केळी पिकवून दाखवली. बाहेर बर्फ आणि आत केळीचा घड! तेथे सूर्य पाहुणा म्हणून आत घ्यायचा असतो, माणसांच्या अंगची आणि दिव्यांची उष्णता जपून ठेवायची असते. (बसलेला माणूस सुमारे शंभर वॉटच्या जुन्या बल्बाइतकी उष्णता देतो.) आपल्याकडे हीच उष्णता शत्रू. खोलीत जळणारा प्रत्येक दिवा आणि प्रत्येक संगणक आपली वीज तर खातोच, पण त्याची उष्णता बाहेर काढायला एअरकंडिशनर त्यावर सुमारे एक-तृतीयांश वीज आणखी खातो. म्हणून जुन्या ३६ वॉटच्या नळीदिव्याऐवजी निम्म्या विजेवर चालणारा एल.ई.डी. लावला तर आपल्याला दुहेरी फायदा होतो. थंड देशात मात्र हिवाळ्यात तेवढी ऊब दुसरीकडून भरून काढावी लागते.

तेव्हा आपल्याला धडा घ्यायचा तर तो कोणाकडून? माझे मत असे की लंडनकडे आणि पॅरिसकडे पाहण्यापूर्वी शेजारच्या बेटाकडे पाहावे. रियुनियनमध्ये सें-पिएर येथे तेथील विद्यापीठाने २००९ च्या सुमारास एनरपोस नावाची इमारत बांधली. तीत वर्ग आहेत आणि कचेऱ्याही आहेत. सूर्य तोच, वारा तोच, वादळेही तीच. त्यांनी केले काय? इमारत अरुंद ठेवली, म्हणजे वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल. दोन्ही बाजूंना नाकोच्या खिडक्या लावल्या, होय, आपल्या घरात असतात त्याच काचेच्या पट्ट्यांच्या. भिंतींबाहेर लाकडी पट्ट्यांचे आडोसे उभारले. प्रत्येक खोलीत छताचे पंखे लावले. इमारतीभोवती डांबर न घालता झाडे लावली, म्हणजे खिडकीतून येणारा वारा तापलेल्या जमिनीवरून येणार नाही. वर्गांना एअरकंडिशनर नाही. तो संगणकांच्या खोल्यांपुरता आणि कचेऱ्यांत फार उकाड्याच्या दिवसांपुरता. छपरावरील सौर पत्रे इमारतीच्या गरजेच्या कितीतरी पट वीज देतात, कारण गरजच मुळी फार लहान ठेवली आहे. यात नवे यंत्र कोणतेही नाही. वारांग, नाको आणि पंखा ही आपल्या आजोबांच्या ओळखीची मंडळी आहेत.

पंख्याविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण एअरकंडिशनर आला की पंखा काढून टाकण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पंखा हवा थंड करीत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. पण त्यामुळे माणसाला दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नव्या धर्तीचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. एका खोलीचा एअरकंडिशनर जोरात चालू असता तासाला साधारण एक युनिट खातो. दोन्ही एकत्र ठेवावेत, पंखा चालू करावा आणि यंत्राचा आकडा वर न्यावा, यात सर्वांत मोठी बचत आहे. भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने आकडा एक अंशाने वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तेथे विकले जाणारे खोलीचे एअरकंडिशनर कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ज्याला बदलायचे त्याने बदलावे. पुष्कळांची समजूत असते की आकडा अठरावर नेला तर खोली लवकर थंड होते. साध्या यंत्राच्या बाबतीत ते तसे नाही. यंत्र आपल्या ठरलेल्या जोरानेच चालते, फक्त चोवीसवर थांबायचे ते अठरापर्यंत थांबत नाही.

आकड्याचा संबंध कपड्यांशीही येतो. २००५ साली जपान सरकारने उन्हाळ्यात कचेऱ्यांतील तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले आणि त्यासोबत कोट व टाय काढून ठेवण्याची मुभा दिली. मोहिमेचे नाव ‘कूल बिझ’. पंतप्रधान कोइझुमी स्वतः बिनटायचे वावरू लागले. शिष्टाचाराला इतके जपणाऱ्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. २००९ साली बांगलादेशात शेख हसीना यांच्या सरकारने पुरुष कर्मचाऱ्यांना सूट-टाय घालू नका असे सांगितले आणि एअरकंडिशनर २४ अंशांखाली नेऊ नका असे फर्मावले. आपल्याकडे साहेब लोक कोटात असतात आणि यंत्राचा रिमोटही त्यांच्याच टेबलावर असतो. पातळ साडीतली टंकलेखिका कुडकुडली तर तो प्रश्न कोणाच्या टिपणीत येत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००८ च्या २६ ऑक्टोबरला आपण सर्वांनी घड्याळे एक तास पुढे केली होती, हे वाचकांना आठवत असेल. संध्याकाळची वीज वाचावी हा हेतू. मार्चमध्ये सकाळचे सात वाजून गेले तरी सूर्य उगवत नसे, आणि २९ मार्च २००९ रोजी घड्याळे पूर्ववत झाली ती पुन्हा हलली नाहीत. १९८२-८३ सालीही असाच एक प्रयोग झाला होता. घड्याळ हलवून दिव्यांची थोडी वीज वाचेल. एअरकंडिशनर मात्र घड्याळ पाहून चालत नाही, ऊन पाहून चालतो. त्यापेक्षा २०११ चा ऊर्जा कार्यक्षमता कायदा आणि त्याखाली स्थापन झालेले कार्यालय हे पाऊल अधिक पक्के आहे.

खरी गाठ आहे ती वेगळीच. इमारत बांधतो एक, भाड्याने घेतो दुसरा. काच निवडणाऱ्याला विजेचे बिल येत नाही, आणि बिल भरणाऱ्याला काच बदलता येत नाही. भाडेकरूने तक्रार केली तर मालक म्हणतो की आणखी एक एअरकंडिशनर लावून घ्या. ही गाठ सुटेपर्यंत पत्रके छापण्याचा फारसा उपयोग नाही. भाडेपट्टीवर इमारतीचा विजेचा खर्च लिहिण्याची सक्ती केली, तर दोन वर्षांत मालक स्वतःहून छपराला पांढरा रंग देतील, असे मला वाटते. (पठारावरच्या मालकांनी तो रंग दरवर्षी धुवावा, तेथे शेवाळ लवकर चढते आणि काळे छप्पर पुन्हा ऊन पिऊ लागते.)

जुन्या इमारतीचे काही होत नाही, ही सबब तर ऐकूनच घेऊ नये. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. २००९ पासून तिची दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा तिच्या ६,५१४ खिडक्या फेकून न देता इमारतीतच पाचव्या मजल्यावर कार्यशाळा मांडून नव्याने जोडण्यात आल्या. प्रत्येक तापयंत्राच्या मागे उष्णता परतवणारा पत्रा बसवला, जेणेकरून ऊब भिंतीत न जाता खोलीत यावी. सगळी कामे मिळून ऊर्जेचा खर्च सुमारे ३८ टक्क्यांनी कमी करण्याची ती योजना होती. थंडीच्या शहरातील उपाय आपल्याला जसेच्या तसे चालणार नाहीत, पण त्यांची पद्धत चालेल: आधी गळती मोजायची, मग यंत्र लहान करायचे.

मोजणी मात्र आजही, कोणाच्याही कचेरीत करता येते. आठवड्याचे तास १६८. कचेरी उघडी असते फार तर ४५ तास. म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळ इमारत रिकामी. शुक्रवारी सर्व मंडळी घरी गेली की मीटरचा आकडा लिहून ठेवावा, आणि सोमवारी सकाळी कोणी येण्यापूर्वी पुन्हा वाचावा. मधल्या आकड्यांत पाणी थंड करणारे यंत्र असते, चालू राहिलेले संगणक असतात, जिन्यातले दिवे असतात, आणि हमखास एखाद्या बंद खोलीत कोणासाठीही न चालणारा एक एअरकंडिशनर असतो. तो कोणत्या मजल्यावर आहे, हे शिपाईमामांना बहुधा आधीपासून ठाऊक असते. त्यांना कोणी विचारलेले नसते, इतकेच.